घुं घुं करते पण फिरत नाई

जलालखेड्यात एस.टी. थांबते तिथून तिसरं शटर :
मनिराम उईके, मोटर बाइंडिंग.
पाटीवर 'बाइंडिंग'च आहे, वाइंडिंग नाही.
मी आधी तेच दुरुस्त केलं,
पानाच्या मथळ्यात शुद्ध शब्द घातला
आणि आम्ही जाऊन बसलो चौथ्या पानावर,
बाजार उठल्यावरच्या ओट्यासारखे.

माझी खोली कृषी केंद्राच्या माडीवर.
खाली युरियाची पोती, वर मी.
लोक काय विचारतील ते आधीच ओळखायचं, हा माझा धंदा.
आई सांगते, पोरगी कम्प्युटरवर नंबर लावते.
शेजारीण म्हणाली, डोळ्याच्या दवाखान्यात लावून देईल का?

मनिरामला मी सांगितलं,
सोयरिकीचे पाहुणे घरी येण्याआधी
पानठेल्यावर उतरतात ना, पोरगा कसा आहे विचारायला?
हे यंत्र तसंच.
तुम्ही स्वतःबद्दल काय बोलता त्याला निम्मी किंमत,
दुसरं कोण तुमचं नाव घेतं ते बघतं.
तो म्हणाला, "मंग ठेलेवाल्याले खर्रा चारा लागते का?"
बरेच जण चारतात, मी म्हणाले. सापडतात पण.

फोटो दिले त्याने पाच, एकेक साडेतीन एमबीचा.
मी ते वाळवत वाळवत साठ केबीवर आणले,
कारण बघणारा धुऱ्यावर उभा असतो,
नेटची एकच काडी,
अन् चाक फिरत राहिलं की माणूस दुसरीकडे जातो.
शिवाय यंत्राला चित्र कळेलच याचा भरवसा नाही.
फोटोच्या मागे, कोणाला दिसत नाही अशा जागी,
त्यात काय आहे ते लिहावं लागतं.
मी लिहिलं : मोटर दुरुस्ती, जलालखेडा.
मग खोडलं. लिहिलं :
तांब्याची तार, उजवा हात, अंगठ्याला नख नाही,
मागे भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.
याने नंबर वाढत नाही. मला माहीत आहे.

मग एकदा त्याची वही हाती लागली.
फोन आला की तो गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही,
मोटरीचं दुखणं लिहितो, बोलणाऱ्याच्याच तोंडचं :

घुं घुं करते पण फिरत नाई.
पानी फेकता फेकता दम टाकते.
टिरिप मारते, मारते, मंग आपोआप चालते.
दोन फेजवर रुसून बसते.
जळाल्याचा वास येऊन राह्यला, बंद करू का?

मी एक अक्षर बदललं नाही.
प्रत्येक दुखण्याखाली त्याला विचारून उत्तर लिहिलं,
मथळ्यात 'बाइंडिंग' परत आणलं.
अठरा दिवस काहीच नाही.
एकोणिसाव्या रात्री, लाइन आली तेव्हा,
कुठल्याशा विहिरीवर कोणी फोन तोंडाशी धरून बोललं,
घुं घुं करते,
आणि सगळ्यात वर उघडलं तिसरं शटर.

मग मुलताई, अंजनगाव, चांदूर.
रात्री दीडला, पहाटे चारला.
हात दोनच, पोऱ्या एक, तोही दहावीचा.
महिन्याभरात मनिराम माडी चढून आला,
चपला पायरीवरच काढून.
"म्या वर जायाच्या आंधी तिथं कोन होतं?"
रहमतभाई, काटोल.
तो बराच वेळ खालच्या पोत्यांकडे बघत राहिला.
"माहे उस्ताद हायेत ते.
हे नख त्याइच्याच दुकानात गेलं.
त्याइले वर ठेवता येत नाई का?"

वर नेणं थोडंफार माझ्या हातात असतं,
कोणाला कुठे बसवायचं ते नाही.
तरी त्याच्या पानावर मी एक ओळ घातली :
मोठं काम असेल तर काटोलला रहमतभाईंकडे जा.
रहमतभाईंच्या पत्त्याला जोडून दिली.
खर्रा न चारता घेतलेलं नाव.

आता कधी हे वर, कधी ते.
यंत्र कारण सांगत नाही.
सकाळी शटर उचलता उचलता मनिराम ओरडून विचारतो, किती?
मी खिडकीतून दोन बोटं दाखवते.
तो समोर चहा सांगतो.